सांस्कृतिक संध्या पहिल्या रात्री ठेवा, आणि मंच बांधू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याजवळ पाच देशांच्या बचाव पथकांचा चार दिवसांचा संयुक्त सराव व्हायचा आहे आणि त्यातली सांस्कृतिक संध्या तुमच्या गळ्यात पडली आहे. आराखड्यात ती शेवटच्या रात्री आहे, दोन तासांची. गणेशवंदना, लावणी, कोळीनृत्य, लेझीम, पोवाडा आणि शेवटी शाल-श्रीफळ. तुमचे साहेब म्हणतात, लोक ढिगाऱ्याखालची माणसं काढायला येतायत, नाच बघायला नाही; हा निव्वळ वेळेचा चुराडा. तुम्ही विचारताय, याचा खरंच उपयोग असतो का, आणि असेल तर नक्की काय ठेवावं.

तुमच्या आराखड्यापुरतं बोलायचं तर साहेब बरोबर आहेत. शेवटच्या रात्रीचा, मंचावरचा, खुर्चीत बसून बघायचा कार्यक्रम रद्द केलात तरी सरावाचं काडीचं नुकसान होणार नाही. मात्र तोच खर्च पहिल्या रात्री, मंच न बांधता, सगळ्यांना उभं करून केलात तर पुढचे तीन दिवस वेगळे जातात. माझी उमेदीची वर्षं शोध-बचाव पथकात गेली, नंतरची प्रशिक्षणात आणि परदेशी पथकांच्या दिमतीला लायझन, म्हणजे दुवा सांधणारा अधिकारी म्हणून. दोन्ही तऱ्हेच्या संध्या पाहिल्यात, आणि वाईट वाटतं पण सांगतो, पहिल्या तऱ्हेच्या मीही तीन-चार घडवल्या आहेत.

आधी हे बघा की अशा सरावात मुळात शिकायचं काय असतं. काँक्रीट कापायला प्रत्येक पथक आपापल्या घरी शिकून आलेलं असतं. ते शिकवायला कुणी पाच देशांची विमानं उडवत नाही. शिकायचं असतं ते अनोळखी माणसांबरोबर काम करणं. १९८५ चा मेक्सिकोचा आणि १९८८ चा आर्मेनियाचा भूकंप, दोन्हीकडे देशोदेशीची पथकं धावून गेली, पण कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. त्यातून १९९१ साली संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली इन्साराग, म्हणजे देशोदेशीच्या शोध-बचाव पथकांचा सल्लागार गट, उभं राहिलं. तेव्हापासून विमानतळावर येणाऱ्या पथकांची नोंद करणारा कक्ष, शहराचे विभाग पाडून वाटणारा समन्वय कक्ष, इमारतीवर रंगाने लिहायच्या खुणा, शिट्टीचे इशारे हे सगळं ठरलेलं आहे. कागद पक्का आहे. बंगालच्या उपसागराभोवतीच्या सात देशांच्या बिम्सटेकनेही असे सराव घेतले: ऑक्टोबर २०१७ मध्ये दिल्लीत, फेब्रुवारी २०२० मध्ये ओडिशात पुरीजवळ, आणि डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या पुण्यातच, ‘पॅनेक्स-२१’ नावाने. मार्च २०२५ मध्ये म्यानमार हादरलं तेव्हा भारताची पथकं मंडालेला पोचली, आणि म्यानमार याच सातांपैकी एक. म्हणजे सरावात शेजारी बसलेला माणूस उद्या खरोखरच ढिगाऱ्यावर शेजारी असू शकतो.

कागदावर नसतं ते एकच. अनोळखी माणसाला ‘तुमचं चुकतंय’ असं कसं म्हणायचं?

एका सरावातली गोष्ट. मुद्दाम पाडलेल्या इमारतीत एक स्लॅब तिरपा टेकला होता आणि आमची पोरं त्याला लाकडी टेकू देत होती. शेजारच्या देशाचा एक प्रौढ हवालदार दोन-तीन मिनिटं बघत उभा राहिला, मग सरकला पुढे. तपासणीत निघालं की टेकूच्या बुडाशी पाचरांची जोडी समोरासमोर मारायला हवी ती एकाच बाजूने मारली होती. जोर आला असता तर टेकू निसटला असता. जेवताना त्याला विचारलं, तुम्हाला दिसलं होतं का? म्हणाला, दिसलं होतं. मग बोलला का नाहीत? तर म्हणाला, “साहेब, तुम्ही यजमान.” एवढंच. आशियातल्या पथकांची ही खरी अडचण आहे, आणि ती कुठल्या नियमपुस्तिकेत सापडत नाही. आपण सगळे मान राखणारे लोक. वरच्याला, पाहुण्याला, यजमानाला टोकायचं नाही हे आपल्या हाडीमाशी आहे, आणि ढिगाऱ्यावर नेमकं तेच जिवावर बेततं.

नाच इथे उपयोगी पडतो, पण एकाच अटीवर: चुकलं पाहिजे. सगळ्यांचं, आणि सगळ्यांसमोर. ज्या माणसाने काल रात्री तुमचं पाऊल चुकलेलं पाहून खदाखदा हसून घेतलंय, आणि ज्याच्या चुकीवर तुम्हीही हसलात, तो आज पाचर उलटी दिसली तर तोंड उघडतो. मंचावरचा कलाकार मात्र चुकत नसतो. तो वीस वर्षं घोटून आलेला असतो. त्याचं बघून पाहुणे टाळ्या वाजवतात, मोबाईलवर टिपतात, आणि आपापल्या देशाच्या रांगेत बसून आपापल्या भाषेत बोलत राहतात. शेवटच्या रात्री तर बॅगा भरून झालेल्या असतात. ओळख व्हायची ती तोवर झालेली असते किंवा राहून गेलेली असते.

आता काय ठेवावं. माझं मत विचाराल तर डहाणू-तलासरीकडचा तारपा बोलवा.

तारपा तुम्ही जवळून पाहिला नसेल तर सांगतो. वाळवलेल्या दुधी भोपळ्याचं कवच, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या नळ्या, आणि टोकाला ताडाच्या पानाची गुंडाळी करून केलेला लांब कर्णा. वाजवणारा गाल फुगवून, श्वास न तोडता वाजवत राहतो. तो मध्ये असतो आणि वारली बाया आणि पुरुष एकमेकांच्या कमरेत हात गुंतवून त्याच्याभोवती साखळी धरतात. साखळीच्या तोंडाशी असलेल्याच्या हातात घुंगरांची काठी. सूर बदलला की पाऊल बदलतं, कधी अख्खी साखळी फिरते. गाण्याचे शब्द नाहीत, त्यामुळे भाषा अडत नाही. पावलं तीन-चारच. पाच मिनिटांत कुणालाही जमतं आणि दहाव्या मिनिटाला सूर बदलला की सगळ्यांचं एकदम फसतं. आपल्याला हवं ते हेच.

तारपा बोलवायला आणखी एक कारण आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि ते महिनोन् महिने थांबेनात. लोक घर सोडून तंबूत झोपत होते, एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथकं पाड्यांवर जाऊन काय करायचं ते शिकवत होती. म्हणजे तुमच्याकडे येणाऱ्या कलाकारांतले काही जण स्वतः भूकंपग्रस्त असू शकतात. त्यांना ‘आदिवासी नृत्य पथक’ म्हणून टेम्पोतून आणून, नाचवून, मागच्या बाजूला पाकिटातलं जेवण देऊन परत पाठवू नका. पाहुण्यांच्या पंगतीत बसवा. रात्री तंबूत पोरांना घेऊन झोपणारी बाई पाच देशांच्या बचाववाल्यांना जे सांगेल ते तुमच्या कुठल्याच व्याख्यात्याला सांगता येणार नाही. दुभाष्या ठेवा, वारलीचं मराठी करणारा आणि मराठीचं इंग्रजी करणारा. मानधन त्याच दिवशी, रोख किंवा खात्यावर. ‘बिल काढतो’ असं म्हणू नका. शिवाय तारपा सुगीच्या दिवसांशी, देवाशी बांधलेला आहे. तुमची तारीख त्यांच्या रीतीत बसते का हे त्यांनाच आधी विचारा. बसत नसेल तर हट्ट नको, दुसरं काहीतरी बघा.

तारपा नाही जमला तर लेझीम. तेही परेडची नाही, हलगीवरची. दांडे आणि साखळ्या शंभरेक आणून ठेवा, एका शाळेत सहज मिळतात. पाहुण्यांना रांगेत उभं करायचं, पण देशवार नाही. दुसऱ्या दिवशी टेबलटॉपला, म्हणजे टेबलाभोवती बसून करायच्या सरावाला, जे गट पडणार आहेत त्या गटवार. हे मी ठळक सांगतो, कारण सगळे आयोजक इथे चुकतात. रात्री शेजारी लेझीम धरलेला माणूस सकाळी शेजारच्या खुर्चीवर नसेल तर कमावलेलं सगळं पाण्यात.

लेझीमवर आम्ही एक खेळ बसवला होता, तो तुम्हाला उचलता येईल. इन्सारागच्या मैदानी इशाऱ्यांत एक लांब, साधारण तीन सेकंदांची शिट्टी म्हणजे काम थांबवा, शांतता. एक लांब आणि एक आखूड म्हणजे पुन्हा सुरू करा. हलगी चढत जाते, लेझीम खळखळतेय, आणि मध्येच लांब शिट्टी. पहिल्या वेळी निम्मे लोक तसेच नाचत राहतात, कारण शंभर साखळ्यांच्या खळखळाटात शिट्टी ऐकूच येत नाही. पुढची रांग थांबते, मागची तिच्यावर आदळते, हशा. कुणी तंगडी चोळतो. दुसऱ्या वेळी मागचे लोक पुढच्याच्या पाठीवर नजर ठेवतात. तिसऱ्या वेळी कुणीतरी न सांगता हात वर करतो आणि तो हात रांगेतून मागे जातो. काँक्रीट फोडणारा ब्रेकर सुरू असताना ढिगाऱ्यावर हेच होतं. शिट्टी पोचत नाही, म्हणून हॉर्न लागतो, आणि हॉर्नही पोचला नाही तर हात. हे मी फळ्यावर लिहून बरीच वर्षं शिकवत होतो. लेझीमने वीस मिनिटांत शिकवलं.

एक मात्र करू नका. तीन आखूड शिट्ट्या, पुन्हा पुन्हा, म्हणजे जागा सोडून पळा. हा इशारा खेळात कधीही वाजवायचा नाही. तो ऐकून माणसाला हसू येता कामा नये. आमच्या एका उत्साही पोराने तो वाजवला, सगळे खिदळत पळाले, आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर तोच इशारा झाला तेव्हा दोघं-तिघं हसत हसत चालत बाहेर आले. त्या दिवशी मला खरा घाम फुटला होता.

पाहुण्यांकडूनही काहीतरी हवंच, नाहीतर ती देवाणघेवाण कसली. पण इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. श्रीलंकेच्या पथकात एक जवान कँडीचं नृत्य शिकलेला आहे असं मला कळलं. मी उत्साहाच्या भरात त्याला म्हटलं, पोशाखाचं आम्ही बघतो, तो चांदीचा मुकुट घालून ये, फोटो झकास येतील. तो हसला, काही बोलला नाही. सकाळी त्याचा अधिकारी माझ्याकडे आला आणि अतिशय मऊ आवाजात म्हणाला की तो मुकुट दीक्षेचा विधी झाल्यावरच डोक्यावर चढतो, भाड्याने आणून नाही. तो वेस पोशाख. मी जे मागत होतो ते म्हणजे आपल्याकडे एखाद्या परदेशी साहेबाने गोंधळ्याला ‘ती संबळ आणि दिवटी घेऊन जेवणाच्या वेळी ये’ म्हणण्यासारखं होतं. भूतानचंही तसंच. मुखवट्यांचं छाम हे त्सेचूच्या उत्सवातलं, धर्माचं. ते मागायचं नाही. झुंगद्रा किंवा बोएद्रा ही गाण्यांची, एकत्र नाचायची रीत आहे, ती ते आनंदाने शिकवतात. थायलंडचं रामवोंग तर गोल करून, हाताच्या मुद्रा करत, सावकाश चालण्याचं. आमचे ढेरपोटे सुभेदारसुद्धा त्यात रमले. खोन हे त्यांचं मुखवट्यांचं नृत्यनाट्य मागाल तर ते आयुष्यभराचं शिक्षण आहे, ते कुणी जवान तुम्हाला करून दाखवणार नाही. त्यामुळे पत्रात ‘आपले पारंपरिक नृत्य सादर करावे’ असं लिहू नका. लिहा की पाहुण्यांना सोबत घेऊन तुमच्या गावी जे नाचतात ते आम्हाला शिकवा.

नेपाळच्या बाबतीत थोडं थांबून सांगायला हवं. भक्तपूरला गाईजत्रेत घिंताङ घिसी नावाचा नाच असतो. दोन रांगा, हातात काठ्या, ढोलाच्या ठेक्यावर समोरच्याच्या काठीवर काठी. आपल्या टिपऱ्यांची आठवण येतेच. मला आली, आणि मी एका नेपाळी सहकाऱ्याला म्हटलं, अरे, हे तर आमचंच, उद्या करूया. तो म्हणाला, करूया की, पण हे कशाचं आहे ते आधी ऐक. गाईजत्रा वर्षभरात ज्यांच्या घरी कुणी गेलं त्यांची. बांबूच्या उंच रथाला गेलेल्या माणसाचा फोटो लावतात, कापड गुंडाळतात, आणि त्याच्या मागेपुढे हा काठ्यांचा नाच. थट्टामस्करी, सोंगं, सगळं त्याच मिरवणुकीत. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर चार महिन्यांनी जी गाईजत्रा आली तिच्यात ते रथ भूकंपात गेलेल्यांचे होते. त्याने त्या वर्षी मामाच्या रथामागे काठी धरली होती. दुसऱ्या दिवशी त्याने आम्हाला तो नाच शिकवला. आमच्यातल्या दोघांनी २०१५ मध्ये काठमांडूच्या खोऱ्यात काम केलं होतं. त्यांच्या काठ्या थोड्या हळू पडत होत्या. त्या रात्री कुणी फोटो मागितला नाही.

म्हणून सांगतो, ‘दोन मिनिटांत आपल्या देशाची संस्कृती’ असलं काही ठेवू नका. त्यापेक्षा प्रत्येक पथकाला विचारा, तुमच्याकडे आपत्तीची आठवण कशात जपून ठेवलीय? इंडोनेशियात सुमात्राच्या पश्चिमेला सिमेलुए नावाचं बेट आहे. १९०७ च्या त्सुनामीची आठवण तिथे ‘स्मोंग’ या शब्दात आणि त्याच्या गाण्यांत राहिली: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे सरला की डोंगरावर पळा. २००४ ला तेच झालं, आणि भूकंपाच्या अगदी जवळ असूनही सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर सात माणसं गेली. समोर आचेच्या मुख्य भूमीवर लाखावर गेली. अंगाईगीतासारखं गायलं जाणारं गाणं हे पूर्वसूचनेचं यंत्र असतं, हे पाहुण्यांना सांगायला तुम्हाला वेगळं सत्र घ्यावं लागणार नाही. कुणीतरी आपल्या आजीचं गाणं म्हणेल आणि बाकीचे आपोआप विचारतील, म्हणजे काय?

आणि एक छोटा खेळ. ढिगाऱ्यात हाक कशी मारता, हे प्रत्येकाने आपल्या भाषेत सगळ्यांकडून म्हणवून घ्यायचं. नेपाळी म्हणतो ‘कोही हुनुहुन्छ?’, बंगाली म्हणतो ‘केउ आछेन?’ तुर्कस्तानात ‘सेसिमी दुयान वार मी?’ म्हणतात, माझा आवाज कुणी ऐकतंय का. फेब्रुवारी २०२३ च्या तिथल्या भूकंपात ही हाक सगळ्या जगाने टीव्हीवर ऐकली. हसत-खेळत शिकलेलं हे वाक्य ऐन वेळी तोंडात येतं, पाठ केलेलं येत नाही.

लावणीबद्दल तुम्ही वेगळं विचारलेलं नाही, तरी बोलतो. लावणी थोर आहे, माझ्या आवडीची आहे. पण तिचा जीव शब्दांत आणि अदाकारीत आहे. शब्द कळत नसलेल्या दोनशे गणवेशातल्या पुरुषांसमोर ती उभी केली की उरतं ते एकच, आणि ते तिचा अपमान करणारं असतं. पाहुण्या पथकांत आता बायका असतात, त्यांच्याकडे बघा एकदा त्या वेळी. काढून टाका यादीतून. कोळीनृत्य सोपं आहे, पण ढोलकीऐवजी पेनड्राइव्ह लावणार असाल तर तेही नको. पोवाडा ठेवायचा तर पाच मिनिटं, आणि डफ हातात द्यायला.

दुसऱ्या दिवसापासून संस्कृती नाचातून निघून कामात शिरते, आणि खरं मोल तिथे आहे. पुरीच्या २०२० च्या सरावाचा विषयच असा होता की भूकंप आणि पूर-वादळाने एका सांस्कृतिक वारसास्थळाची पडझड झालीय. पुरीला हे शोभणारं होतं. आदल्याच वर्षी, ३ मे २०१९ ला, फनी वादळ पुरीजवळ किनाऱ्याला लागलं होतं, आणि जवळच्या रघुराजपूर या पट्टचित्रकारांच्या गावात, जिथे गोटीपुआ नाचणारी मुलंही घडतात, घरं आणि चित्रं दोन्ही उद्ध्वस्त झाली होती. देवळाच्या ढिगाऱ्यात माणूस अडकलाय. कुठल्या दगडावर बूट घेऊन चढायचं, कुठला कोरीव खांब कापायचा, मूर्ती सापडली तर कुणी उचलायची, हे परदेशी पथकाला कोण सांगणार? माणसाचा जीव आधी, यात वाद नाही. पण जीव वाचवून झाल्यावर जेसीबीने सगळं एकदम ट्रकमध्ये भरायचं की नाही, हा प्रश्न त्याच संध्याकाळी येतो. २०१५ ला नेपाळमधल्या पाटणच्या दरबार चौकात गावकऱ्यांनी, पोलीस आणि सैन्याच्या मदतीने, कोरीव तुळया आणि मूर्ती उचलून संग्रहालयाच्या आवारात नेऊन ठेवल्या, म्हणून पुढे ती देवळं त्याच लाकडांतून उभी करता आली. तुमच्या सरावात अर्धा तास काढून मावळातल्या एखाद्या देवस्थानचे गुरव आणि पुरातत्त्व खात्यातला कुणी समोर बसवा, आणि पथकांना विचारू द्या.

याच्या उलट उदाहरणही आहे. २०१५ ला भारताची मदत नेपाळला काही तासांत पोचली, बचाववाल्यांनी जिवाचं रान केलं, आणि आठवडाभरात नेपाळी लोक समाजमाध्यमांवर भारतीय माध्यमांना ‘घरी जा’ म्हणत होते, कारण घरचं माणूस गमावलेल्यांसमोर माईक धरून ‘कसं वाटतंय’ विचारलं गेलं. पथकाने कमावलेलं कॅमेऱ्याने घालवलं. तुमच्या सरावात ढिगाऱ्यात अडकलेल्यांचे नक्कल-नातेवाईक म्हणून कलाकार उभे करणार असाल तर एखादा नक्कल-पत्रकारही ठेवा.

नावांचं बघा. हे क्षुल्लक वाटतं, पण धोक्याच्या जागेत आत-बाहेर जाणाऱ्यांची नोंद फळ्यावर नावाने होते. म्यानमारमध्ये आडनाव नसतं. ‘ऊ’ आणि ‘डॉ’ हे आपल्या ‘श्री’ आणि ‘श्रीमती’सारखे. आमच्या एका नोंदवहीत दोन बायकांच्या पुढे ‘डॉक्टर’ छापून आलं होतं आणि जखमींचा भार त्यांच्याकडे पाठवला गेला. भूतानमध्ये तीच नावं पुरुषांना आणि बायकांनाही, आणि एका पथकात तीन सोनम सहज असतात. फळ्यावर ‘सोनम बाहेर’ लिहिलं तर आत कोण राहिलं? पहिल्या रात्री नाचताना लोक एकमेकांना हाक मारतात तेव्हाच हे गोंधळ वर येतात आणि तेव्हाच सोडवायचे, हेल्मेटवर काय लिहायचं ते ठरवून. तिथेच आणखी एक. थाई माणसाच्या डोक्याला हात लावू नये. आमची पोरं ‘झालं, जा’ म्हणून पुढच्याच्या हेल्मेटवर थाप मारतात. खांद्यावर मारा. आणि आपण ‘हो’ म्हणताना जी मान डोलावतो ती बऱ्याच जणांना ‘नाही’ वाटते. रेडिओवर प्रश्न येत नाही, समोरासमोर येतो.

जेवणाचं एका ओळीत: हलाल, गोमांस, डुकराचं मांस आणि शुद्ध शाकाहारी अशा चार पाट्या मराठी-इंग्रजीत नको, चित्राने लावा, आणि तिखट वेगळं ठेवा, भूतानचे लोक सोडून. ते तुमचा ठेचा भाजी म्हणून खातील.

आता कुत्री. हे कुणीच विचारत नाही. शोधपथकांची कुत्री मैदानाजवळच्या तंबूत असतात आणि तुम्ही ढोल-ताशा लावलात तर ती रात्रभर झोपत नाहीत, सकाळी वास घेण्यात लक्ष लागत नाही. तुर्कस्तानात गाझियांतेपकडे सहा वर्षांच्या मुलीचा माग काढला तो रोमिओ आणि ज्युली या एनडीआरएफच्या दोन लॅब्राडोरनी. तिथे यंत्रं हरली होती. कुत्र्यांची सोय कार्यक्रमापासून लांब, वाऱ्याच्या उलट दिशेला करा, हलगी आणि तारपा पुरे, ताशा नको. स्पीकर नकोच. आणि मानवी मनोरे नकोत, दहीहंडी कितीही मोहात पाडत असली तरी. पहिल्याच रात्री कुणाचा घोटा मुरगळला तर त्याचं पथक एक माणूस कमी घेऊन तीन दिवस काम करेल, आणि त्याच्या देशाला पत्र तुम्हाला लिहावं लागेल.

वेळ: संध्याकाळी साडेसहा ते आठ, मग जेवण, साडेनऊला दिवे बंद. सत्कार उद्घाटनालाच उरकून घ्या. मान्यवर येणार असतील तर त्यांनाही साखळीत घ्या. नकार देणारे फार थोडे असतात, आणि खुर्ची नसली की लवकर निघून जातात, तेही वाईट नाही. शेवटची रात्र मोकळी सोडा. तेव्हा लोक आपणहून गातात, तुमच्याशिवाय.

राहता राहिले साहेब. त्यांना उपयोग पटवत बसू नका, त्यांना नस्ती, म्हणजे फाइल, नीट हवी असते. खर्चाचं शीर्ष ‘मनोरंजन’ किंवा ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ लिहिलंत की लेखापरीक्षणात आक्षेप येतो आणि पुढच्या वर्षी कुणी सही करत नाही. ‘सहभागी पथकांचे परिचय व इशारे-सराव सत्र, पहिला दिवस’ असं लिहा, खाली गटांची यादी जोडा, शिट्टीचे दोन इशारे नमूद करा, आणि लेझीम शंभर नग ‘प्रशिक्षण साहित्य’ म्हणून जवळच्या शाळेकडून परतीच्या बोलीवर घ्या. पोचपावती ठेवा. शाळा चार दिवसांनी विचारते.